माळवदाखालचा गारवा

कासुर्डीच्या परिसरात, दौंड-शिरूरच्या अवर्षणग्रस्त भागात, पाऊस अल्प आणि ऊन प्रखर. म्हणून पूर्वजांनी माळवदाची घरे बांधली. जाड मातीच्या भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषून रात्री सोडीत. छताच्या साण्यातून धूर व गरम हवा वर निघून जाई. माळवद वरचेवर डागडुजी मागे, म्हणून पुढे पत्रे आले. परंतु त्यांखाली दुपारी तान्ही बाळे व वृद्ध तळमळतात. तिरुअनंतपुरमच्या लोयोला चॅपेलमध्ये लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी विटांच्या जाळीदार भिंतींतून वारा खेळवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वातानुकूलनाच्या वाढत्या वापराबद्दल आपणांस सावध केले. धर्मग्रामाचे सभागृह बांधताना आम्ही प्रथम भिंत, सावली आणि वारा यांचा विचार करावा, यंत्राचा त्यानंतर. विजेचे बिल अखेर गरिबांच्या दानातूनच भरले जाते.