भिंतीतून भिंतीवर

पुण्यातल्या किंवा वाईतल्या जुन्या वाड्यात स्वयंपाकघरासाठी वेगळी मांडणी करून घ्यावी लागत नसे. भिंती हातभराहून जाड असत आणि त्या बांधतानाच कोनाडे सोडलेले असत. मोठ्या कोनाड्यात फळ्या बसवून पुढे झडपा लावल्या की फडताळ तयार. मसाल्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या तिथे. दूध-लोणी मांजरापासून वाचवायला शिंकाळ्यात टांगायचं. कडधान्यं उतरंडीत: तळाला मोठं मडकं, वर एकेक लहान. तळातले हुलगे हवे असले तर अख्खी उतरंड उतरवायची. स्वयंपाक चुलीपुढे बसून होई, म्हणून रोजचं सामान बसल्या हाताला लागेल इतक्या खाली असे.

मुंबईने ही घडी मोडली.

१९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला चाळी बांधल्या. एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची, त्यातच सगळा संसार, आणि भिंती सिमेंट काँक्रीटच्या. त्यांत कोनाडा कोरायची सोय नव्हती. मग जे भिंतीत होतं ते भिंतीवर आलं. छिन्नीने भोक पाडायचं, त्यात लाकडी गुल्ली ठोकायची, तिच्यात स्क्रू पिळून लोखंडी ब्रॅकेट बसवायचे आणि वर फळी टाकायची. सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी उरकणारं हे काम. फळी नवीच हवी असंही नाही, मालाच्या खोक्याची रंधा मारलेली चाले. वर्तमानपत्राचा कागद कातरून त्याची झालर कडेला सोडली की झाली सजावट. मुंग्यांचा उपद्रव असे तिथे जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे.

दोन फळ्यांमधलं अंतर डब्यांवरून ठरे. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि रिकामा झालेला त्याचा पत्र्याचा डबा रवा, पोहे, साखर भरायला घरोघर राहिला. वरच्या फळीवर घासून लखलखीत केलेली तांब्या-पितळेची भांडी ओळीने मांडलेली असत. ती जड असल्यामुळे फळीही जाड लागे.

शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली न गंजणारं पोलाद तयार केलं होतं. त्याची भांडी मराठी मध्यमवर्गाच्या घरात रुळली ती मात्र स्वातंत्र्यानंतर. त्यांना कल्हई लागत नव्हती, चिंचेने घासावं लागत नव्हतं. जुन्या लुगड्यांच्या आणि पँटींच्या बदल्यात बोहारीण ती दारात आणून देई आणि एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस चाले. भांडी हलकी झाल्यावर मांडणीही हलकी झाली: बारीक सळ्या आणि पट्ट्या जोडून केलेली, ताटांना उभ्या खाचा, कपांना आकडे, चमच्यांना वेगळा खण. धुतलेलं ताट तसंच ओलं लावलं तरी पाणी निथळून जाई. लाकडी फळी अशा ओलाव्याने कुजली असती.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत गॅसची सिलिंडरं मिळू लागली. पुढे शेगडी ओट्यावर चढली आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. त्याबरोबर सगळ्या सामानाची उंची बदलली. मांडणी डोळ्यांसमोर आली, जड डबे ओट्याखाली गेले. तिथे आंध्रातला काळा कडप्पा उपयोगी पडला. त्याच्या लाद्या उभ्या करून आडव्या लाद्या त्यांच्यावर टेकवायच्या, सांधे सिमेंटने भरायचे. कडप्प्याला वाळवी लागत नाही, सांडलेलं तेल पुसून निघतं. अडचण एवढीच की मागच्या कोपऱ्यातला डबा काढायला गुडघे टेकून अर्धं अंग आत घालावं लागतं.

ट्रॉलीने ही अडचण सोडवली, कारण अख्खा खणच बाहेर ओढता येतो. पण सिंकजवळ पाणी झिरपलं की प्लायवूड फुगतं. म्हणून पुण्या-मुंबईत अजूनही अनेकजण उभे पडदे कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे घालून घेतात आणि ट्रॉल्यांच्या पट्ट्या त्या दगडालाच भोकं पाडून बसवतात.