पोथी, पार आणि परभाषा

परभाषा शिकावयाची ती पोथीवरून कीं पारावरून, हा प्रश्न आमच्या विद्यालयांतून फारसा विचारला जात नाहीं; कारण त्याचा निकाल पोथीच्या बाजूनें केव्हांच लागून गेला आहे. आमच्या आधींच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. आम्हींही शेक्सपियरचीं नाटकें सटीप वाचलीं, परीक्षा दिल्या आणि पदवी पदरांत पाडून घेतली. पुढें एका इंग्रज पाहुण्यानें सहज हवापाण्याची गोष्ट काढली, तेव्हां मात्र एक साधें वाक्य बोलतांना आम्हांस घाम फुटला. ज्या विद्येनें मिल्टन समजतो, पण शेजारीं बसलेला मनुष्य समजत नाहीं, ती विद्या कोठें तरी लंगडी आहे, असें आम्हांस तेव्हांपासून वाटत आलें आहे. ह्या लंगडेपणावरचें औषध एका सोलापूरकराच्या चरित्रांत सांपडतें.

चीन-जपान युद्ध 1937 सालीं पेटलें. चिनी सेनानी चू तेह ह्यांनीं पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली, आणि राष्ट्रीय सभेनें पांच डॉक्टरांचें पथक 1938 च्या सप्टेंबरांत मुंबईहून रवाना केलें. अलाहाबादचे डॉ. अटल हे त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे इतर चौघे. कोटणिसांस तेव्हां अठ्ठावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. 1939 च्या आरंभीं हे लोक येनानला पोंचले. शल्यविद्या त्यांच्या हातांत होती. परंतु ‘कोठें दुखतें?’ हा प्रश्न रोग्याच्याच भाषेंत विचारावा लागतो, आणि दुभाषी कांहीं प्रत्येक खाटेपाशीं रात्रंदिवस उभा राहात नाहीं. येथें भाषा हा शोभेचा अलंकार नव्हता. तिच्या अभावीं एखाद्याचा प्राण जाण्याचा प्रसंग होता.

कोटणीस चिनी शिकले. त्यांस त्यासाठीं विद्यापीठ नव्हतें. होतीं तीं इस्पितळें, छावण्या आणि उत्तर चीनमधील खेडीं. ते ती भाषा नुसती बोलूंच लागले असें नाहीं, तर विद्यार्थ्यांस तींतून वैद्यक शिकवूंही लागले. 1941 सालीं बेथ्यून ह्या कॅनेडियन शल्यवैद्याच्या नांवें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्वो छिंगलान ह्या परिचर्या-शिक्षिकेशीं त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षीं झालेल्या मुलाचें नांव ‘यिन्-हुआ’ ठेवलें. ‘यिन्’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, कोटणीस तेथेंच निवर्तले. शांतारामबापूंच्या 1946 च्या चित्रपटानें त्यांचा त्याग घरोघर पोंचविला. पण त्या त्यागाच्या पोटांत दडलेली भाषेची साधना मात्र उपेक्षित राहिली.

ही साधना सोपी नव्हे. चिनी भाषेंत शब्दाचा अर्थ उच्चाराइतकाच सुरावर अवलंबून असतो, आणि प्रमाण चिनींत असे चार सूर आहेत. ‘थांग’ हा शब्द उंच व सपाट सुरांत म्हटला तर रस्सा, आणि चढत्या सुरांत म्हटला तर साखर. ‘माय’ शब्दाचा सूर खालीं जाऊन पुन्हां वर आला तर खरेदी, आणि तडक खालीं उतरला तर विक्री! आमच्यासारख्या साखर कारखान्याच्या गांवांतील मनुष्यानें तेथें व्यापार मांडला, तर एका सुरानें त्याचें दिवाळें निघावयाचें. असे सूर छापील चिन्हांनीं दाखवितां येतात, पण कानांत उतरवितां येत नाहींत. त्यासाठीं पुष्कळ बोलणारीं आणि चुका पोटांत घालणारीं माणसें लागतात.

अशीं माणसें चीनमध्यें कोठें भेटतात, ह्याचें उत्तर तेथील उद्यानांच्या इतिहासांत आहे. बीजिंगमधील राजवाड्याशेजारची देवतांची वेदी जेथें होती, तें आवार 1914 सालीं सार्वजनिक उद्यान झालें. ज्या स्वर्गमंदिरांत सम्राट यज्ञासाठीं जात, तें 1918 सालीं प्रजेस मोकळें झालें. जेथें सामान्य मनुष्यास पाऊल टाकण्याची मनाई होती, तेथें आज सकाळीं पेन्शनर मंडळी पत्ते कुटतात, गाणीं म्हणतात आणि पिसें लावलेलें फूल पायानें उडवितात. तेथें पुरुष साठाव्या आणि स्त्रिया पन्नासाव्या किंवा पंचावन्नाव्या वर्षीं निवृत्त होत आल्या. ही मर्यादा 2025 पासून हळूहळू वाढविली जात आहे. त्यामुळें हातीपायीं धड आणि हातांत वेळ असलेल्या वडीलधाऱ्यांस तेथें तोटा नाहीं.

परकी विद्यार्थ्यानें त्यांच्यांत जाऊन बसावें, ह्यासारखी शाळा नाहीं. चिनी बुद्धिबळाचा पट मधोमध एका नदीनें दुभागलेला असतो आणि हत्तीस ती ओलांडतां येत नाहीं. पाहणारानें मुकाट बसावें असा शिष्टाचार आहे; तो कोणी पाळीत नाहीं, हेंच शिकणाराचें भाग्य! प्रत्येक खेळीवर दहा जणांचा सल्ला, कुरकूर आणि थट्टा त्याच्या कानांवर पडते. एकच शब्द शंभरदां ऐकूं येतो, आणि त्याचा अर्थ समोरच्या पटावर दिसत असतो. दुसरीकडे कोणी वृद्ध लांब दांड्याचा कुंचला पाण्यांत बुडवून फरशीवर अक्षरें काढतो. उन्हानें तीं थोड्याच वेळांत वाळून जातात. आमच्या धूळपाटीचेंच हें भावंड! चुकलेलें अक्षर तेथें राहात नाहीं, म्हणून चुकण्याची लाजही राहात नाहीं.

ह्यावर आक्षेप येईल कीं, म्हाताऱ्यांची बोली प्रांतिक असते, आणि पारावरून व्याकरण कळत नाहीं. हें खरें आहे. चिनी लिपीचीं हजारों अक्षरें बैठकीखेरीज येत नाहींत, आणि कोटणिसांसही वर्गांत शिकवावयाचें तर वाचन करणें प्राप्तच होतें. पोथी टाकून द्या, असें आमचें म्हणणें नाहीं. पोथी मिटल्यावर पाराकडे चला, एवढेंच म्हणणें आहे. मोल्सवर्थसाहेबांचा 1831 चा मराठी कोश अजून आम्ही उघडतों, तो त्यांत शास्त्र्यांच्या शब्दांशेजारीं शेतांतले, माजघरांतले आणि चव्हाट्यावरले शब्दही बसले आहेत म्हणून.

वारणानगरांत संध्याकाळीं फिरावयास निघालों कीं, झाडाखालीं कारखान्यांतून निवृत्त झालेलीं चार माणसें पत्त्यांचा डाव मांडून बसलेलीं दिसतात. परवां त्यांच्यामागें बिहारकडील एक तरुण मजूर उभा होता. डाव रंगला, आणि त्यानें मोडक्या मराठींत एका भिडूस पान सुचविलें. सारे हंसले, पण एका आजोबांनीं सरकून त्यास जागा दिली, आणि ‘असं नाहीं बाळा, असं म्हण,’ म्हणून त्याचें वाक्य सुधारलें. आम्हीं तीस वर्षांत वर्गांत इतक्या मायेनें कोणाची चूक सुधारली असेल, असें आम्हांस आठवेना. सोलापूरच्या त्या डॉक्टरासही परमुलखांत असाच कोणी तरी सरकून जागा देणारा भेटला असला पाहिजे. त्यावांचून परकी भाषा इतकी आपली होत नाहीं. दुसऱ्याच्या पारावर बसावयाचें धैर्य त्यांनीं दाखविलें. आपल्या पारावर सरकून बसण्याचें काम आपलें आहे.