‘एक मुलगा’ : पणजोबांच्या जन्मनोंदीत पणजोबा का सापडत नाहीत?

2023 च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत अचानक वर्दळ वाढली. कुणबी नोंदी शोधण्याची सरकारी मोहीम सुरू झाली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून शोधून बोलावलं गेलं आणि जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. विशी-पंचविशीतल्या कित्येकांनी आपल्या पणजोबांच्या काळचा कागद तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पाहिल्यावर पहिला प्रश्न मात्र बहुतेक घरांत एकच होता : यात नाव कुठंय?

तारीख असते, बापाचं नाव असतं, जात असते. मुलाच्या नावाच्या जागी फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. ही कारकुनाची हयगय नव्हे. ती वही कशासाठी ठेवली होती, ते आधी समजून घ्यायला हवं.

गाव नमुना नंबर 14 म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला सरसकट ‘कोतवाल बुक’ म्हणतात. ब्रिटिश सरकारला यातून हवी होती ती मोजणी : किती जन्मले, किती मेले, कशाने मेले. पटकी, देवी, प्लेग यांवर नजर ठेवायची तर आकडे लागतात, नावं लागत नाहीत. शिवाय जन्माची वर्दी चार-सहा दिवसांत जायची आणि बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. वहीत ओळ पडली तेव्हा बाळाला नावच नव्हतं. नंतर ते भरायला परत कोण जाणार?

म्हणजे ज्या कागदावर आज आपण ओळख सिद्ध करू पाहतो, तो ओळखीसाठी लिहिलेलाच नव्हता. हे एकदा पटलं की बाकीची कोडी एकेक करून उलगडतात.

पहिलं कोडं भाषेचं. ‘रामा बिन लक्ष्मण’ असं लिहिलेलं दिसतं. आपल्याला ‘बिन’ म्हणजे ‘शिवाय’ वाटतं. इथे त्याचा अर्थ ‘चा मुलगा’. ‘वलद’ म्हणजेही तेच. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. आडनाव पुष्कळदा नसतंच. मोडीत इ-ई आणि उ-ऊ यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. त्यामुळे आजच्या आधार कार्डावरचं स्पेलिंग मनात धरून शोधलं तर समोरची ओळही निसटते.

दुसरं कोडं वर्षाचं. फसली 1320 वाचून दचकू नका. फसली सनात 590 मिळवले की 1910 येतं. मात्र ते वर्ष मृगापाशी, जूनमध्ये सुरू होतं, म्हणून जानेवारीनंतरची नोंद 1911 ची. शके असेल तर 78, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79. मराठवाड्यात निजामाच्या राज्यातलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, महिन्यांची नावं आजूर, दय, बहमन अशी फारसी, आणि कागद बहुधा उर्दूत.

तिसरं कोडं जागेचं. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे पणजोबांच्या गावची वही पाठपोट चाळूनही त्यांचा जन्म सापडत नाही, कारण तो त्यांच्या आईच्या गावच्या वहीत आहे. आणि खापरपणजीचं माहेर कुठलं, हे वंशावळीच्या तक्त्यात कुणी लिहिलेलंच नसतं.

चौथं कोडं शाळेचं. गावच्या वहीत जन्म फेब्रुवारीतला, शाळेच्या जनरल रजिस्टरात 1 जून. आपल्याकडे 1 जूनला वाढदिवस असलेले आजोबा घरोघर आहेत. पोरगं शाळेत आणलं, तारीख कुणालाच ठाऊक नाही, शाळा जूनमध्ये उघडते. गुरुजींनी वय अंदाजे धरून 1 जून लिहिलं. पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं त्या अंदाजावर चाललं. दोन कागदांत विसंगती दिसली की लगेच खोटेपणाचा संशय घेऊ नये. एक कागद जन्माचा आहे, दुसरा शाळाप्रवेशाचा.

पाचवं कोडं सगळ्यांत अवघड. समजा, घरात सगळे सांगतात की पणजोबा 1914 चे. वहीत मात्र त्याच बापाचा ‘मुलगा’ 1911 मध्ये आहे. तीन वर्षांचा फरक म्हणून सोडून देण्याआधी वहीचा मृत्यूचा भाग उघडा. 1912 किंवा 1913 मध्ये त्याच बापाचं एखादं लहान मूल गेलेलं सापडू शकतं. 1911 चा मुलगा वेगळाच होता. तो जगला नाही, आणि घरात त्याचं नाव पुन्हा निघालं नाही. कधी कधी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवलं जायचं, मग घोळ आणखी वाढतो.

दगडू, धोंडू ही नावं यातूनच आली. मुलं जगत नसली की पुढच्याला ओबडधोबड नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही. ‘नकोशी’चा अर्थ मात्र उलटा : आणखी मुलगी नको. 2011 मध्ये साताऱ्यात 280 हून अधिक ‘नकुशां’ना समारंभ करून नवी नावं दिली गेली. जुन्या वह्यांतली ‘मुलगी’ निदान त्या नावातून तरी सुटली, असं कधी कधी वाटून जातं.

1969 च्या कायद्याने जन्मनोंदणी देशभर सक्तीची झाली. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्यांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा आहे. मोजणीची वही आता ओळखीची वही झाली. जुन्या ओळींवर हे नवं ओझं आलंय, आणि त्या ते पेलतीलच असं नाही. एका निनावी ओळीवर कुणाचं शिक्षण, कुणाची नोकरी अडते, तेव्हा ती ओळ नीट वाचणं हा नुसता छंद राहत नाही.

म्हणून तहसीलला अर्ज करण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तारीख विचारू नका, ती येणार नाही. आईचं माहेर कुठलं ते विचारा. पाठची किती, गेलेली किती ते विचारा. धाकटा कधी झाला? ‘गांधीवधाच्या साली’, ‘पानशेत फुटलं तेव्हा पोटात होता’, ‘कोयनेच्या भूकंपात रांगत होता’ अशी उत्तरं येतील. 1948, 1961, 1967 : वर्ष तुम्ही लावा. वहीतल्या ‘एक मुलगा’ला नाव द्यायला तीच साक्ष कामी येते, आणि वहीसारखी ती कचेरीत जपून ठेवलेली नसते.