स्वमग्न मुलाची नीज: एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या जन्मजात वेगळ्या घडणीमुळे सामाजिक संवाद, संवेदना आणि वर्तन यांत दिसणारा फरक. तिचा वैद्यकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला असला, तरी त्या इतिहासात रात्रीला फारशी जागा मिळालेली नाही. निरनिराळ्या पाहण्यांनुसार निम्म्यापासून चार-पंचमांशापर्यंत स्वमग्न मुलांना झोपेच्या तक्रारी असतात. अंथरुणाला पाठ टेकल्यावरही बराच वेळ डोळा न लागणे आणि मध्यरात्री उठून पुन्हा न निजणे या त्यांतल्या नेहमीच्या. तरीही निदानाच्या निकषांत झोपेचा समावेश झालेला नाही, आणि दवाखाने व शाळा संध्याकाळी बंद होत असल्याने मुलाला निजवणे हे घरचे, बहुधा आईचे, काम राहिले. मात्र निजानीज होण्याच्या वेळी पालकांनी काय करावे याविषयी वेळोवेळी दिलेले सल्ले क्रमाने पाहिले, तर त्या त्या काळाने स्वमग्नतेचे मूळ कोठे मानले होते हे त्यांतून स्पष्ट दिसते.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ८ मुलगे आणि ३ मुली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची दोन निरीक्षणे निजेच्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत: या मुलांना भोवतालच्या गोष्टी आणि त्यांचा क्रम जसाच्या तसा राहावा असा तीव्र आग्रह असे, आणि लिफ्ट, वाहते पाणी, क्वचित वारा अशा साध्या गोष्टींनीही त्यांची घाबरगुंडी उडे. दिवस संपवून अंधारात जाणे हा रोजचा मोठा बदल असल्यामुळे आणि घर शांत झाल्यावर बारीक आवाजही ठळक होत असल्यामुळे निजेची वेळ अवघड का जाते याची बीजे या वर्णनात होती. परंतु कॅनर यांनी पालकांच्या भावनिक थंडपणाकडेही बोट दाखवले आणि पुढची दोन दशके चर्चा त्याच वाटेने गेली. शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक शाळेचे १९४४ ते १९७३ या काळातील संचालक ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात या आजाराचे खापर आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, वागणुकीवर फोडले आणि मुलांना घरापासून दूर, संस्थेत ठेवण्याचा पुरस्कार केला. दोष घरात आहे असे एकदा मानल्यावर मुलाला निजवणारी माणसे बदलणे हाच उपाय ठरत होता.

या विचाराला पहिला व्यावहारिक पर्याय वर्तनवाद्यांनी दिला. एखाद्या कृतीनंतर जे मिळते त्यावरून ती कृती वाढते किंवा विरते, हे वर्तनवादाचे मुख्य सूत्र होय. माँट्रोझ वुल्फ, टॉड रिसली आणि हेडन मीस यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकीकत आहे. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील भिंगे काढावी लागली होती आणि चष्मा न लावल्यास दृष्टी जाण्याची भीती होती. त्याखेरीज तो झोपे फार कमी, आणि आईवडिलांपैकी कोणाला तरी त्याच्या बिछान्यापाशी बसून राहावे लागे. त्याच्यासाठी ठरवलेला क्रम असा होता: आंघोळ, थोडा वेळ जवळ घेणे, पांघरूण घालणे आणि खोलीचे दार उघडे ठेवणे. तो उठला तर परत निजण्यास सांगावे, न ऐकल्यास दार लावावे, आणि तो बिछान्यात गेला की पुन्हा उघडावे. काही रात्रींतच निजतेवेळचा आकांत जवळजवळ थांबला. या पद्धतीने पालकांवरचा दोष बाजूला सारला आणि त्यांच्या हाती एक साधन दिले. तथापि मूल अंथरुणात राहते का, याचे उत्तर देणारी ही पद्धत अंथरुणात गेल्यावरही त्याला झोप का येत नाही, या प्रश्नाला हात घालत नव्हती.

याच सुमारास पालक स्वतः पुढे आले. ब्रिटनमध्ये १९६२ साली पालकांनी स्वमग्न मुलांसाठी संस्था स्थापन केली. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, १९६४ मध्ये स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे साधार मांडले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी पालकांना सहउपचारक मानणारा उपक्रम सुरू केला आणि १९७२ मध्ये तो टीच या नावाने राज्यव्यापी झाला. या परंपरेतून रुजलेली चित्रपट्टी आजही निजेच्या वेळी वापरली जाते. दात घासणे, लघवीला जाणे, रात्रीचे कपडे घालणे, एक गोष्ट ऐकणे आणि दिवा मालवणे या पायऱ्यांची चित्रे ओळीने लावली जातात, आणि पायरी झाली की मूल ते चित्र काढून बाजूला ठेवते. बोललेली सूचना क्षणात विरते, तर चित्र डोळ्यांसमोर राहते. पुढे काय होणार हे आधी कळल्यामुळे बदलाची धास्ती कमी होते. सारखेपणाचा जो आग्रह कॅनर यांनी लक्षण म्हणून नोंदवला होता, त्याचाच येथे आधार म्हणून उपयोग झाला.

शरीराच्या अंगानेही विचार सुरू झाला. कॅलिफोर्नियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ मधील ग्रंथात स्पर्श, तोल आणि हालचाल यांची संवेदना मेंदूत कशी एकत्र येते याची मांडणी केली. टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न संशोधिकेने गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा सापळा पाहून तरुणपणीच स्वतःसाठी दाब देणारे यंत्र बनवले होते. हलका स्पर्श असह्य वाटत असताना खोल, समान दाबाने मन कसे स्थिर होते हे तिने स्वानुभवावरून लिहिले. अशा विचारातूनच वजनदार पांघरुणांचा प्रसार झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ६७ मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या पांघरुणांनी झोपेचा कालावधी वाढत नसल्याचे दिसले. मात्र मुलांना आणि पालकांना साध्या पांघरुणापेक्षा तीच अधिक आवडली.

औषधाची वाट त्वचारोगाच्या प्रयोगशाळेतून आली. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गुरांच्या पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन वेगळे केले. अंधार पडल्यावर ही ग्रंथी ते रक्तात सोडते आणि शरीराला रात्रीची खूण पटते. व्हँकूवरचे जेम्स जान यांनी १९९४ मध्ये बहुविकलांग मुलांच्या झोपेसाठी त्याचा वापर नोंदवला, तर २००५ मधील फ्रेंच अभ्यासात स्वमग्न मुलांच्या शरीरात रात्री ते कमी तयार होत असल्याची चिन्हे आढळली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२५ मुलांच्या चाचणीत, सावकाश विरघळणाऱ्या गोळीने १३ आठवड्यांनंतर झोप सुमारे ५७ मिनिटांनी वाढली, तर औषधविरहित गोळीने सुमारे ९ मिनिटांनी. घास किंवा गोळी गिळण्यास नाखूश असणाऱ्या मुलांचा विचार करून ही गोळी अवघ्या ३ मिलिमीटरची केली होती; २०१८ मध्ये तिला युरोपात मान्यता मिळाली.

भारतात १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला. दिल्लीत १९९१ मध्ये ॲक्शन फॉर ऑटिझम आणि मुंबईत २००१ मध्ये उमीद या संस्था उभ्या राहिल्या. परंतु परदेशी पद्धती येथे जशाच्या तशा लागू होत नाहीत. दार लावण्याच्या उपायात मुलाची स्वतंत्र खोली गृहीत धरलेली असते. चाळीतल्या एका खोलीत, किंवा आईवडिलांच्या कुशीत मूल निजते अशा घरात, ते दारच नसते. तेथे दिवा मंद करण्याची आणि दूरचित्रवाणी बंद करण्याची वेळ मुलापुरती ठरवून चालत नाही, आजीआजोबांसह सर्वांना ती पाळावी लागते. अंगाई आणि थोपटणे सर्वच बाळांना निजवते ही समजूतही येथे तपासावी लागते, कारण हलक्या थापेने बिथरणाऱ्या मुलाला पाठीवर ठेवलेला स्थिर, जड हात अधिक सोसवतो.

अमेरिकन मज्जासंस्थाशास्त्र अकादमीने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या सर्व वाटांचा क्रम लावलेला आहे: इतर आजार किंवा चालू औषधे झोप मोडत नाहीत ना हे आधी पाहावे, मग वर्तनविषयक उपाय करावेत, आणि तेवढ्याने भागले नाही तर मेलॅटोनिन द्यावे; वजनदार पांघरुणांची सरसकट शिफारस करण्याइतका पुरावा नाही. वर्तनवाद्यांचा नित्यक्रम, पालकांची भूमिका आणि शरीरशास्त्र या तिन्ही धाग्यांना या क्रमात स्थान आहे. पूर्णपणे गळून पडली ती एकच गोष्ट, म्हणजे मूल जागे राहते याचा दोष आईकडे देणारी उपपत्ती, आणि ती गळाल्यामुळेच रात्रीच्या नोंदी ठेवणारे पालक या प्रश्नाचे अभ्यासक ठरू शकले.