ज्वारी मागे का पडली?

ग्लूटेनमुक्त जेवणाचा संच आज शहरात घरपोच मिळतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावाला मात्र हे पथ्य नवे वाटू नये. वऱ्हाडाच्या काळ्या रानात कपाशीखालोखाल ज्वारीच असे आणि ताटातली भाकरीही तिचीच. गव्हातले ग्लूटेन ज्वारीत नसतेच. गहू रोजचा झाला तो उशिरा, आणि निव्वळ चवीमुळे नव्हे. अमेरिकेशी झालेल्या 1956 च्या करारानंतर तिथला गहू मोठ्या प्रमाणावर येऊ लागला, पुढे हरितक्रांतीचा गहू रेशनवर स्वस्त झाला आणि शिवारात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली.

कोणी म्हणेल, भाकरी ही गरिबीची खूण होती, लोकांनी ती आपणहून टाकली. यात तथ्य आहे. 1972 च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी कोणाला आवडली होती? पण ज्या धान्याला ना भाव ना रेशनचा आधार, ते सोडण्याला निवड म्हणणे धाडसाचेच. दुसरा आक्षेप अधिक खरा: जुने ताट आपोआप निर्धोक ठरत नाही. एकाच गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की पीठ मिसळते. बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. पण पाकिटात राहून शिळ्या झालेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. पाकीटबंद संचाची खरी अडचण तिथेच आहे.