तळटीप : धारवाल्याची सायकल

मूळ मजकुरात 'सायकलवर धार लावणारा' एवढेच शब्द आहेत. यंत्र डोळ्यांपुढे यावे म्हणून हा खुलासा. सायकल स्टँडवर चढवली की मागचे चाक अधांतरी राहते. त्यावरून निघालेला पट्टा पुढे दांडीवर बसवलेल्या सहाणेच्या पुलीला जातो. चाक मोठे, पुली लहान. म्हणून पॅडलच्या एका फेरीत सहाण कितीतरी फेऱ्या घेते. कारागीर सीटवर बसून पाय मारतो आणि कात्री-सुरीसाठी दोन्ही हात मोकळे राहतात. या रचनेतली खरी अक्कल इथे आहे, कारण सहाण हाताने फिरवायची तर दुसरा माणूस लागला असता. धडधाकट माणूस पायांनी बराच वेळ सुमारे ७५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा भाग, देऊ शकतो. धारेला तेवढी पुरते. लेखकाने या साधनाला 'जुनाट' म्हटले आहे, ते आम्हाला मान्य नाही. विजेच्या वेगवान ग्राइंडरवर जरा दुर्लक्ष झाले की पात्याची कड तापून निळी पडते, पोलादाचे पाणी उतरते. इथे पाते जास्त दाबले की पॅडल जड होते आणि कारागिराचा हात आपोआप हलका पडतो.