सावित्रीचा पूल, कशेडीचा घाट आणि आपला तुकड्यातुकड्यांचा महामार्ग

मंडळी, २ ऑगस्ट आला की आपल्याकडे सगळ्यांच्या स्टेटसला सावित्रीचा तो फोटो लागतो. मध्येच तुटलेला दगडी पूल आणि खाली लाल, गढूळ पाणी. दोन दिवस हळहळ होते आणि मग गणपतीच्या तयारीत आपण विसरतो. आज फोटो टाकत नाही, त्याऐवजी या रस्त्याचा इतिहास लिहितोय. पोस्ट मोठी आहे. महाड, पोलादपूर, बिरवाडी, एमआयडीसीतल्या सगळ्यांनी सवडीने वाचा, कारण या रस्त्यावरून आपण सगळेच जातो.

आधी एक गोष्ट. मुंबई-गोवा महामार्ग म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो रस्ता कुणी एकदा बसून आखला आणि एका दमात बांधला, असं कधीच झालं नाही. तो शंभर-दीडशे वर्षं तुकड्यातुकड्यांनी जोडत गेला. हे नीट कळलं की २०१६ ची ती रात्रही वेगळी दिसायला लागते.

जुन्या काळी महाडची वाट उत्तर-दक्षिण नव्हतीच, ती पूर्व-पश्चिम होती. महाड हे बंदर. बाणकोटच्या खाडीतून गलबतं सावित्रीने वर यायची आणि इथला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायचा. गांधारपाल्याची लेणी महामार्गावरून जाताना डोंगरात दिसतात ना, ती या जुन्या व्यापारी वाटेचीच खूण. पारघाट, वरंध घाट ही त्या काळची मोठी नावं. पुढे इंग्रजांना महाबळेश्वरला जायचं होतं, म्हणून पोलादपूरवरून गाडीरस्ता काढला. तोच आपला आंबेनळी घाट. साहेबाने त्याला फिट्झेराल्ड या गव्हर्नरचं नाव दिलं होतं.

मुंबईला जायचं तर? बोट. मुंबईहून धरमतरपर्यंत पाण्याने यायचं आणि तिथून पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव करत मोटारने महाड. नाहीतर समुद्राने थेट बाणकोट खाडीत शिरून दासगाव बंदर.

इथे आपल्या गावाच्या इतिहासातला एक प्रसंग सांगतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद झाली, जिथे मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेला येताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी धरमतरच्या वाटेने आलेच नाहीत. कारण साधं होतं. धरमतरच्या मोटारवाल्यांनी ऐनवेळी बसवून घ्यायला नकार दिला असता, तर पुढचा सगळा लांबचा रस्ता पायी यावं लागलं असतं. म्हणून मंडळी 'पद्मावती' बोटीने हरिहरेश्वराकडून दासगावला उतरली आणि तिथून पाच मैल चालत महाडला आली. आज त्याच दासगाववरून आपण चारचाकीतून काचा वर करून जातो. तेव्हा रस्ता असणं ही एक गोष्ट होती आणि त्यावरून तुम्हाला जाता येणं ही दुसरी.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२८ साली, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. पूल नव्हता तेव्हा पावसाळ्यात नदी ओलांडायची म्हणजे होडी, नाहीतर पाणी उतरायची वाट बघत बसायचं. पुलाने महाड आणि पोलादपूर बारमाही जोडले गेले. त्या काळातली ही मोठीच गोष्ट. पण लक्षात घ्या, हा पूल बांधला तेव्हा त्यावरून किती गाड्या जाणार होत्या? बैलगाड्या आणि दिवसाला थोड्या मोटारी.

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ कोकणची खरी वाहतूक समुद्रातून होती. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. तरी बोट चालूच राहिली, कारण दुसरा धड मार्ग नव्हता. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तर गोव्यात पोर्तुगीजच होते, त्यामुळे खाली रस्ता जाऊन सीमेवर थांबायचा. गोवा मुक्त झाला, लाल डबा गावोगाव पोचला, १९७३ ला वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबई पनवेलला जवळ आली. हळूहळू बोटीचं गिऱ्हाईक एसटीकडे वळलं. या सगळ्या जुन्या तुकड्यांवर एक क्रमांक पडला, राष्ट्रीय महामार्ग १७. २०१० च्या नव्या क्रमांकांत तो ६६ झाला. पनवेल ते कन्याकुमारी!

क्रमांक बदलला, पाट्या बदलल्या. खालचे पूल, मोऱ्या आणि वळणं मात्र तीच राहिली. १९२८ चा पूल, त्याच्या पुढे-मागे वेगवेगळ्या दशकांत बांधलेल्या मोऱ्या, कशेडीचा जुना घाट, सगळ्यावर एकच पाटी, 'महामार्ग'. आणि त्यावरून आता कंटेनर, रसायनांचे टँकर, गॅसच्या गाड्या आणि गणपतीला लाखो चाकरमानी.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. रेल्वे आली, पण महाडात नाही. १९९३ ला कोकण रेल्वे वीरपर्यंत आली, १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. महाडकराला गाडी पकडायला आजही वीर नाहीतर करंजाडी गाठावं लागतं. एमआयडीसीतला कच्चा माल, तयार माल, शिफ्टचा कामगार, सगळा भार शेवटी या एकाच रस्त्यावर.

आता २ ऑगस्ट २०१६. महाबळेश्वरच्या डोंगरात तुफान पाऊस होता आणि सावित्री तिथूनच येते. त्या जुन्या पुलाच्या शेजारी एक नवा पूल आधीच झालेला होता. तरीही जुना पूल बंद केला नव्हता. गोव्याकडे जाणारी वाहतूक एका पुलावरून आणि मुंबईकडे येणारी दुसऱ्या, म्हणजे ८८ वर्षांच्या पुलावरून. रात्री अकराच्या सुमारास पूल गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या आणि एक खासगी गाडी अंधारात सरळ पाण्यात गेली. चाळीसच्या घरात माणसं गेली. काही मृतदेह वाहत थेट समुद्रापर्यंत पोचले. एसटीचे सांगाडे सापडायला नऊ-दहा दिवस लागले, नौदलाचे पाणबुडे उतरवावे लागले. दुसऱ्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या गर्दीत मीही होतो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेजारचा नवा पूल जागेवर उभा होता.

मेमध्येच पुलाची तपासणी झाली होती आणि पूल वाहतुकीला सुरक्षित होता, असं नंतर सरकारनेच सांगितलं. मला आजही टोचते ती हीच गोष्ट.

दगडी कमानीचा पूल वरून बघून कळत नाही. कमानीचा सगळा भार खांबांवर येतो, खांब पायावर उभा असतो आणि पाया नदीच्या तळात. पुराचं पाणी खांबाला आदळून खाली वळतं आणि पायाजवळची वाळू-माती उकरून नेतं. पूर ओसरला की खड्डा गाळाने भरतो, वरून सगळं ठीक दिसतं. पुढच्या पुरात तो गाळ पुन्हा निघतो. असं होत होत एक खांब कलला की दोन्ही बाजूच्या कमानींचा आधार जातो आणि एकामागून एक कोसळतात. म्हणजे तपासायचं असतं ते पाण्याखाली. उन्हाळ्यात पुलावर उभं राहून कठडे आणि डांबर बघून शेरा मारला, तर तो शेरा कठड्यांचा. नदीतल्या वाळू उपशाचीही तेव्हा चर्चा झाली होती. मग तीही थंडावली.

बरं, आपल्याला काम जमत नाही असंही नाही. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला सुरू झाला. पावसाळ्याच्या आत! कारण तिथे पैसे होते, तारीख होती, जबाबदारी कुणाची ते ठरलेलं होतं आणि सगळ्या राज्याचे डोळे लागले होते.

आता उरलेला महामार्ग बघा. महाराष्ट्रातली एकूण लांबी ४७१ किलोमीटरच्या आसपास. त्यातला पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटर केंद्राच्या प्राधिकरणाकडे, काम २०११ ला सुरू. इंदापूर ते झाराप सुमारे ३६६ किलोमीटर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे, तोही दहा पॅकेजमध्ये. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्याची परवानगी, ठेकेदारांचे पैसे संपणं, ठेके रद्द होऊन पुन्हा निविदा, उच्च न्यायालयात जनहित याचिका, मंत्र्यांच्या नव्या नव्या तारखा. दीड दशक होत आलं. याच काळात २००२ ला पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जुना होऊन त्याच्या दुरुस्त्याही सुरू झाल्या. तो एका संस्थेने, एका आखणीने बांधला. आपला मात्र बांधतानाही तुकड्यातच राहिला, त्यामुळे एका तुकड्याचा दोष दुसऱ्यावर ढकलायला सगळ्यांनाच सोपं.

चांगलं झालं तेही सांगितलं पाहिजे. कशेडीचे सुमारे दोन-दोन किलोमीटरचे दोन बोगदे ही आपल्या भागातली सगळ्यात मोठी सुधारणा. भोगावजवळ रस्ता खचणं, दरड, बंद पडलेला ट्रक, यात पाऊण तासाचा घाट कधी दोन तासांचा व्हायचा. २०२३ च्या गणपतीला एका बोगद्यातून हलकी वाहनं सोडली, तेव्हा पोलादपूरहून खेडला पोचलेला माणूस घड्याळ बघून हसला असेल. पेशंटला 'मुंबईला हलवा' असं ज्या घराला कधी सांगितलं गेलंय, त्याला दहा मिनिटांची किंमत विचारा.

पण बोगदा झाला म्हणजे डोंगर शहाणा झाला नाही. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दीडशेहून जास्त माणसं दरडीखाली गेली. २०२१ च्या जुलैत तळिये गेलं, पोलादपुरात साखर-सुतारवाडीवर दरड आली आणि महाड बुडालं. या मातीत रस्ता बांधून सोडून देता येत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आता जगातलं एक उदाहरण. अमेरिकेत ओहायो नदीवर 'सिल्व्हर ब्रिज' नावाचा पूल होता. तोही १९२८ चाच! १५ डिसेंबर १९६७ ला तो गाड्यांसकट कोसळला, ४६ माणसं गेली. त्यानंतर तिथे देशभरातल्या पुलांच्या तपासणीचा कायदाच झाला. साधारण दर दोन वर्षांनी तपासणी, प्रत्येक पुलाची नोंद, आणि ती नोंद कुणालाही बघता येते. आपल्याकडेही महाडच्या दुर्घटनेनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातल्या पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू झाली, प्रत्येक पुलाला स्वतःचा क्रमांक देण्यासाठी. म्हणजे आपल्या चाळीस माणसांच्या जाण्याने देशाला एक नोंदवही मिळाली. ती आपल्याच पुलावर उभं राहून आपल्याला वाचता येते का?

म्हणून या वर्षी आपण तीन साध्या गोष्टी मागू या. ग्रामपंचायत, नगरपरिषद, आमदार, खासदार, सगळ्यांकडे.

एक, महाड आणि पोलादपूर तालुक्यातल्या प्रत्येक पुलावर आणि मोठ्या मोरीवर एक पाटी. बांधल्याचं साल, नोंदीचा क्रमांक, शेवटची तपासणी कधी आणि कोणत्या कार्यालयाने केली. पाण्याखालचा पाया तपासला की नाही, तेही.

दोन, प्रत्येक पुलाच्या खांबावर पाण्याची खूण. लाल रेषेला पाणी लागलं की वाहतूक बंद, मग कुणाच्या फोनची वाट बघायची नाही.

तीन, नवा पूल झाला की जुन्याचा निर्णय लेखी आणि जाहीर. वापरायचा तर कोणत्या भारापर्यंत, नाहीतर बंद. 'आहे तर राहू दे' यावर पुन्हा कुणाची एसटी जायला नको.

पाटीला फारसा खर्च येत नाही. पण पाटीवर तारीख लिहायची तर तपासणी करावी लागते, आणि खाली कार्यालयाचं नाव लिहायचं तर ती नीट करावी लागते. मागणी एवढीच आहे.

तुमच्या गावाजवळच्या पुलाचा, मोरीचा फोटो आणि कुठे साल कोरलेलं असेल तर ते खाली टाका. जुन्या माणसांना विचारा, त्यांना आठवतं. यादी आपण करू आणि निवेदनाला जोडू. येत्या २ ऑगस्टला सावित्रीच्या पुलावर फुलं वाहायला जाल, तेव्हा कठड्यावरून एकदा खाली वाकून खांबांकडेही बघा.